शांततेचे मार्क

माझी बुढी गेली, तिची तेरवी झाली, आणि दुसऱ्याच दिवशी मुलाने लॅपटॉप उघडून मला देश दाखवायला घेतले. कापडाच्या दुकानात गठ्ठे टाकतात तसे. हा पाहा बाबा, हा पाहा, हा जरा महाग आहे पण टिकाऊ आहे.

जुन्या शहरातल्या आमच्या घरात अजून सतरंज्या पसरलेल्याच होत्या. सांत्वनाला आलेली मंडळी आदल्या दिवशी पांगली होती. कूलरमध्ये पाणी नव्हतं, नुसता पंखा गरगरत होता आणि गरम वारा फेकत होता. मी भिंतीला टेकून बसलो होतो. मुलगा समोर. सून नातवाला घेऊन आतल्या खोलीत बॅगा भरत होती.

मुलाची अडचण अशी. तो कॅनडात स्थायिक आहे. आता त्याला न्यूझीलंडहून बोलावणं आलं होतं, पगार चांगला होता, आणि त्या आठवड्यात हो की नाही ते कळवायचं होतं. त्यात आई गेली. मग त्याने ठरवलं की एकदाच काय तो निकाल लावायचा. देश ठरवायचा, अकोल्याचं घर विकायचं आणि म्हाताऱ्याला सोबत न्यायचं. कुठे न्यायचं ते दोघांनी मिळून ठरवू म्हणाला. मिळून म्हणजे त्याने बोलायचं आणि मी मान हलवायची.

पडद्यावर तीन रकाने होते. एक कॅनडातलं त्याचं गाव, एक न्यूझीलंडचं गाव आणि तिसरं अकोला. खाली हवा, पाणी, दवाखाना, रस्ते, सुरक्षितता, आवाज. प्रत्येकाला दहापैकी मार्क. चांगले मार्क हिरवे, वाईट लाल. पहिले दोन रकाने कापसाच्या पऱ्हाटीच्या वावरासारखे हिरवेगार. आमचं अकोलं वरून खालपर्यंत लाल, नापास पोट्ट्याच्या निकालासारखं.

मी चौथी शिकलो आहे. पण लाल रंग मला कळतो.

"हे मार्क कोनं देल्ले?" मी विचारलं.

"लोक देतात बाबा. जे तिथे राहतात ते."

"अकोल्याचे कोनं देल्ले?"

"कोणीतरी दिले असतील."

"म्हंजे पुन्यात बसून देल्ले."

त्याला हसू आलं नाही. मलाही आणायचं नव्हतं. कारण मार्क खोटे नव्हते. आमचा देशच कसा भारी म्हणून छाती ठोकणाऱ्या माणसाजवळ मी बसत नाही. नळ कधी येईल ते नळालाच ठाऊक नसतं. दवाखान्याचं म्हणाल, तर बुढीच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा जठारपेठेतल्या डॉक्टरने तिला हात लावला आणि अमरावतीला न्या म्हणाला. त्या रस्त्यावर गाडी खड्ड्याखड्ड्यातून आदळत गेली. बडनेऱ्याच्या अलीकडे बुढी गेली. माझा हात धरलेला होता, तो तिने सोडला. रस्त्याला मार्क द्यायचे असतील तर मला विचारा, मी वजा देतो.

मुलगा म्हणाला, "बाबा, अख्खं जग वऱ्हाडाला ओळखतं, पण कशासाठी, माहीत आहे ना?"

माहीत का नसेल? शेतकरी फास घेत होते त्या वर्षांत पाहणीवाल्यांच्या गाड्या एकामागे एक यायच्या. बुढीचं माहेर शेंदूरजनाघाटाकडचं. तिथे तिच्या भावाचा संत्र्याचा बगीचा पाण्याविना वाळला आणि त्याने झाडं तोडून सरपण केलं. तेव्हा पांढऱ्या शर्टातले लोक येऊन त्याला विचारून गेले, "आयुष्याबद्दल तुम्ही समाधानी आहात का?" भाऊ म्हणाला, "साहेब, आधी चहा घ्या, मंग सांगतो." साहेब बाटलीतलं पाणी प्याले आणि पुढच्या गावाला गेले. तेव्हापासून असलं मोजमाप पाहिलं की माझं तोंड कडू होतं. मी ज्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधल्या ती बंद पडली, तिचे पत्रे विकले गेले. त्यासाठी कोणी लाल रंग दाखवायची गरज नव्हती.

"आता हे बघा," मुलाने बोट ठेवलं. "आवाज. म्हणजे शांतता. कॅनडाला आठ. न्यूझीलंडला नऊ. तिथे इतकं शांत आहे ना बाबा, की विचारू नका."

"अन् अकोल्याले?"

"एक."

त्याने शांत हा शब्द काढला आणि मला बुढीची आठवण आली. आमच्याकडे माणूस मेला असं तोंडावर म्हणत नाहीत. शांत झाला म्हणतात. बुढी सुनेच्या बाळंतपणाला कॅनडात जाऊन आली होती. आल्यावर मी विचारलं, कसं आहे व तिथं? तर म्हणाली, "सारं शांत आहे जी. सकाळी खिडकीतून पाहे तर रस्त्यावर कुत्रं नाही. मले वाटे, मीच शांत झाली का काय, अन् मले कोनी सांगूनच नाही राहिलं."

ते मी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "आई काहीही बोलायची."

काहीही नव्हती बोलत. तिने तिथे एक काम केलं होतं, ज्याची मुलगा आणि सून पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांसमोर गंमत सांगायचे. त्यांच्या समोरच्या घरात एक गोरे नवरा-बायको राहत. म्हातारेच. एका सकाळी गाडी आली आणि त्या म्हाताऱ्याला झाकून घेऊन गेली. बुढीने खिडकीतून पाहिलं. तिने वाट पाहिली, की आता लोक येतील. कोणीच आलं नाही.

आमच्याकडे ज्या घरातलं माणूस जातं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भाकर घेऊन जातात. तो कडू घास. खाणाऱ्याला भूक नसते, तरी त्याच्यासमोर बसून त्याला दोन घास गिळायला लावायचे. बुढीने अकोल्याहून नेलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी थापल्या, पिठलं केलं, आपलं घरून नेलेलं काठाचं स्टीलचं ताट भरलं, लुगड्यावर मुलाचं जाडं जाकीट चढवलं आणि बर्फातून समोर जाऊन बेल दाबली.

सून घाबरून मागे धावली. "आई, इथे असं न विचारता जात नाहीत! लोकांना ॲलर्जी असते."

"दुःखाची बी ॲलर्जी असते का व?" बुढी म्हणाली.

त्या गोऱ्या म्हातारीने दार उघडलं. ताट दोन्ही हातांनी धरलं आणि दारातच रडायला लागली. आत ये म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. बुढी तिथेच पायरीवर बसली. थोड्या वेळाने तीही येऊन शेजारी बसली. हिला इंग्रजी येत नाही, तिला वऱ्हाडी येत नाही. "मी म्हटलं, खाय बाई," बुढी मला सांगत होती, "तिनं खाल्लं. भाकर कशी तोडा लागते ते दाखवलं तिले." ताट तिथेच राहिलं. सून परत आणायला निघाली तर बुढी म्हणाली, "मरनाच्या घरून ताट मागा नाही लागत."

मुलासाठी हा विनोद होता. आईचा किस्सा.

आता आमच्याकडची शोभा सांगतो, नाहीतर कोणाला वाटेल मी फार गोड बोलतो आहे. बुढीच्या दुःखाला जे बसायला आले त्यातले निम्मे फुकटे. "कसं झालं, कसं झालं" विचारून माझ्याकडून बडनेऱ्यापर्यंतचा रस्ता पुन्हा पुन्हा चालवून घेतला. एकाने चहा पिता पिता घराच्या भिंती वाजवून पाहिल्या आणि विकायचं असेल तर मला सांगा म्हणाला. पहिला कडू घास शेजारच्या गादीवाल्या चाचाच्या घरून आला. त्याच्या बायकोने, भाभीने, भाकरी आणि चण्याची डाळ पाठवली. तर माझी चुलत बहीण कुजबुजली, "त्यायच्या घरचं?" मी म्हटलं, "तू नको खाऊ. तुह्या घरून आलं की तुले वाढतो." तिच्या घरून काही आलं नाही. माझ्या घशाखाली पहिला घास उतरला तो चाचाच्या धाकाने. तो समोर मांडी घालून बसला होता. म्हणाला, "भाऊ, खाओ. नई तो मैं भी भूखा बैठूंगा, अन् मेरेकू शुगर है."

असले लोक. पण आले होते.

"बाबा, तुम्ही ऐकताय ना?" मुलगा म्हणाला. "इथे एकटे काय करणार तुम्ही?"

"तिथं तुमी दोघं काय करता ते सांग आधी."

"तिथे आम्ही आहोत."

"सकाळी जाता, संध्याकाळी येता. मंग मी त्या नऊ मार्कासंगं बोलू का?"

त्याने कपाळाला हात लावला. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. त्याच्या कॅनडातल्या घराच्या दाराला कॅमेरा आहे, दारात कोणी आलं की इथे चित्र दिसतं. चोरांसाठी बसवला आहे म्हणे. त्याने सहज पाहिलं आणि मग बोलायचा थांबला. मला मोबाइल दिला.

तिथे सकाळ होती. दारात ती समोरची म्हातारी उभी होती. अंगात जाड कोट, हातात फडक्याने झाकलेलं ताट. बेल दाबली. थांबली. परत दाबली.

"मी तिला काल मेसेज केला होता," मुलगा म्हणाला. "आई गेली म्हणून. आमचं टपाल काढून ठेव म्हणून. आम्ही इथे आहोत ते विसरली बहुतेक."

"भैताडा," मी म्हटलं, "ते विसरली नाही."

म्हातारीने कोटाच्या बाहीने पायरी पुसली. ताट मांडीवर घेतलं आणि बंद दाराकडे पाठ करून बसली. वाऱ्याने फडकं उडालं तेव्हा ताटाचा काठ दिसला. ताट आमचंच होतं. रिकामं परत आणलं नव्हतं तिने. त्यात गोल गोल काहीतरी होतं, बिस्किटं असतील, आपल्याला काय कळतं. ती तिथे बसून राहिली. घरात कोणी नाही हे ठाऊक असून माझ्या बुढीच्या दुःखाला बसली.

मुलगा मोबाइलकडे पाहत होता. तेरा दिवसांत तो रडला नव्हता. सगळं कामच करत होता, गाड्या, मंडप, कॅटरर. आता रडला. सून बॅग सोडून दारात येऊन उभी राहिली.

मी त्याला रडू दिलं. मग म्हटलं, "न्यूझीलंडले नाही म्हन."

"काहून?" तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून 'का' ऐवजी काहून निघालं.

"नऊ मार्काच्या गावात तुले कोन ओळखते? आठ मार्काच्या गावात तुह्या मायनं एक मानूस करून ठेवलं. उद्या तुह्या घरी काही झालं तर ते बाई ताट घेऊन येईन. तिथून हलू नको."

"आणि तुम्ही?"

"मी येत नाही. घर बी विकत नाही."

"बाबा, पण मार्क बघा ना..."

"पाहिले. एक आहे ना? एक लय झाला. माह्यासाठी कडू घास कोन्या घरून येईन ते मले ठाऊक आहे."

तो पुढे काही बोलणार, तर बाहेर कोणीतरी दार फोडतंय असं वाटलं. चाचा होता. "भाऊ! ओ भाऊ! नल आया! सो गये क्या? टाकी भर लो, फिर चार दिन रोते बैठोगे!" पाठोपाठ गल्लीत बादल्यांचा, हंड्यांचा, भांडणांचा गलका सुरू झाला.

मी गुडघ्यावर हात देऊन उठलो. बुढीचा तांब्याचा हंडा मोरीत पालथा होता, तो सरळ केला. मुलाने लॅपटॉप मिटला आणि बादली उचलली. "राहू दे," मी म्हटलं, "तुह्या हाताले सवय नाही, सांडवशीन." त्याने ऐकलं नाही. नळापासून टाकीपर्यंत त्याने अर्धी बादली सतरंजीवर सांडली.