व्हर्नाची शेवंती

एमेट शूलरनं व्हर्ना पोटीटला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा शाळेचं छत सजावटीसकट कोसळलंय आणि त्याखाली कुणीतरी जिवंत आहे अशी समजूत होऊन तो मदतीला धावला होता. आधी आवाज आला, गाईंचा अख्खा कळप जिना उतरत असल्यासारखा. मग कोपऱ्यावरून निळ्या-पांढऱ्या फितींचा धबधबा वळला. त्यात पिसं होती, लुकलुकणारे दिवे होते, एक टेडी अस्वल गटांगळ्या खात होतं, आणि मधोमध परातीएवढी कापडी शेवंती. वर एक लालबुंद चेहरा.

"गणिताचे नवे सर ना?" चेहरा म्हणाला. "दार धरा जरा. मी सरळ मावत नाही."

एमेट ओहायोचा. टेक्ससमधल्या ड्राय फोर्कला येऊन त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. तो आठवडा होमकमिंगचा, म्हणजे माजी विद्यार्थी परत येतात त्या शाळेच्या सणाचा; रोज वेगळा वेष आणि शुक्रवारी सामना. त्याच सकाळी मुख्याध्यापक लंडी बदकांची चित्रं असलेल्या पायजम्यात त्याला सामोरे आले होते. "होमकमिंगचा सोमवार, म्हणजे झोपेचे कपडे," ते म्हणाले होते. "तुम्ही टाय लावून कुणाच्या मयताला निघालात?"

होमकमिंगला फिती-घंटांनी सजवलेली कापडी शेवंती छातीवर मिरवायची, ही टेक्ससच्या बायकापोरींची रीत. बाकीच्या ती घालत शुक्रवारी, सामन्याच्या दिवशी. शाळेच्या स्वयंपाकघरातली व्हर्ना सोमवारपासूनच. ती इथंच शिकत असताना शेवटच्या वर्षी शाळा होमकमिंगचा सामना हरली, आणि तिनं भर मैदानात जाहीर केलं, की जिंकेपर्यंत ही शेवंती उतरवणार नाही. आईनं हातापाया पडून ते वर्षातल्या एका आठवड्यावर आणलं. पुढं दर हरलेल्या होमकमिंगमागं तिनं शेवंतीला गाईच्या गळ्यातली एकेक घंटा बांधली. आता ते सगळं खांद्यावर पेलायला तिचा नवरा क्लीटस यानं खोगिराचे पट्टे शिवून दिले होते.

घंटा वाढण्याचं कारण शाळेचा अमेरिकन फुटबॉलचा संघ. होमकमिंगला पाहुणा म्हणून हमखास हरणारा संघ बोलवायचा, ही सगळ्या गावांची रीत. ड्राय फोर्कच्या 'साळिंदरां'ना आसपासच्या प्रत्येक गावाचं आमंत्रण असे. ती जात, हरत, यजमानांचं बार्बेक्यू पोटभर खात आणि गात गात परत येत. गावाला त्याचं काही वाटत नसे. घरच्या होमकमिंगला आलेला पाहुणाही यांनाच हरवून जाई, तेव्हा मात्र वाटे.

"यंदा नाही तर कधीच नाही," एमेटच्या ताटात घेवड्याचा डोंगर रचत व्हर्ना म्हणाली. पुढच्या वर्षी शाळा बंद होऊन मुलं शेजारच्या मेबेल गावच्या शाळेत जाणार होती. "मी क्लीटसला सांगून ठेवलंय, हरलो तर मला हिच्यासकट पुरा. तो म्हणतो, मग खड्डा दुप्पट लागेल. आळशी मेला."

शुक्रवारी ट्रॅक्टरमागं मिरवणूक निघाली. टकले झालेले माजी विद्यार्थी जुनी जॅकेटं पोटावर ताणून नाचले. एमेटच्या अंगावरही आता निळा रंग होता, अगदी कानांपर्यंत. पाहुणे होते कॉस्टनचे. ते त्या वर्षी एकही सामना जिंकले नव्हते, म्हणून मुद्दाम शोधून आणलेले.

शेवटच्या मिनिटाला ड्राय फोर्क दोन गुणांनी पुढं होतं आणि चेंडू कॉस्टनकडं, पार ड्राय फोर्कच्या गोलरेषेच्या उंबऱ्यावर. व्हर्ना उभी राहिली. घंटांनी मैदान दणाणलं. पंच शिट्टी फुंकत कठड्यापाशी आले.

"बाई, इथं घंटा-भोंगे चालत नाहीत."

"घंटा कुठाय? हे फूल आहे."

"फुलाला घंटा आहेत."

"तुमच्या बायकोच्या फुलाला नव्हत्या?"

पंच टेक्ससचेच होते. त्यांचा आवाज उतरला. "होत्या."

"मग सांगा, उतरवू?"

कुठल्याही बाईला शेवंती उतरव म्हणायची त्या मुलुखात कुणाची छाती नव्हती. "निदान हलू तरी नका," ते अजिजीनं म्हणाले.

व्हर्ना दगडासारखी उभी राहिली. मैदान चिडीचूप. कॉस्टनचा पोरगा चेंडूवर वाकला. आरोळी ऐकली की चेंडू पायांमधून मागं द्यायचा, एवढंच त्याचं काम. तेवढ्यात वाऱ्यानं शेवंतीचं एक पीस उचललं आणि व्हर्नाच्या नाकात घातलं.

ती शिंकली. सगळ्या घंटा एकदम वाजल्या. पोरगा दचकला, चेंडू साथीदाराच्या डोक्यावरून मागं उडाला, आणि तीन साळिंदरं त्यावर धाडकन पडली.

कॉस्टनचे प्रशिक्षक धावत आले. "नियमांत शिंक नाही," पंच म्हणाले आणि सामना संपल्याची शिट्टी दिली.

मग जे झालं त्याला नाच म्हणणं धाडसाचं होईल. मुख्याध्यापक लंडी ढोलावर चढले. कॉस्टनची पोरंही जेवणाच्या वासानं नाचात शिरली. एमेटनं एकेक पट्टा सोडला, क्लीटसनं शेवंती दोन्ही हातांनी झेलली आणि तो तिच्यासकट खाली बसला. ओझं उतरलं तरी व्हर्ना सवयीनं डावीकडं कलूनच उभी होती.

"कसं वाटतंय, व्हर्नाबाई?" एमेटनं विचारलं.

"थंडी वाजतेय," ती म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली.

पुढच्या वर्षी ती मेबेलच्या शाळेत स्वयंपाकाला लागली. त्यांनी होमकमिंगला कॉस्टनला बोलावलं, आणि मेबेलवालेच हरले.