अष्टमीला न चालणारा पंप

पंपाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नसे, आणि खरं सांगायचं तर अजूनही फारसं ऐकत नाही. विहिरीवरच्या पंपाचा नुसता आवाज ऐकून तो पाणी ओढतोय की हवा, हे मी रस्त्यावरून सांगतो. ही बढाई नाही, सवय आहे. पण साठ-सत्तरच्या दरम्यान नवापूरला एका पंपाने माझं नाक असं कापलं की त्यानंतर नवं काम हाती घेताना मी पहिला प्रश्न पंपाचा विचारत नाही, पाण्याचा विचारतो.

मी मूळचा सांगलीकडचा. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं तेव्हा पायाच्या खड्ड्यांतलं पाणी उपसायला मिस्त्री हवे होते, म्हणून आलो आणि सालवडला खोली घेऊन राहिलो. शेजारी बिहारपासून केरळपर्यंतची माणसं, सगळ्यांची मिळून एक मोडकी हिंदी. दोन वर्षांनी पायाचं काम आटपलं आणि पुढचं काम लागेपर्यंत मी मोकळा झालो. तेवढ्यात बोलावणं आलं. नवापूरच्या खाडीकाठी उंच टेपावर, म्हणजे टेकाडावर, एका निवृत्त डॉक्टरांचा बंगला होता, त्यांना घरच्या पोहण्याच्या हौदासाठी पंप बसवून हवा होता.

पोहण्याचा हौद म्हटल्यावर मी मनात हसलो. समोर अख्खा समुद्र, आणि ह्या माणसाला हौदात डुंबायचंय! ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ असंही एक मनात येऊन गेलं. तिथे गेल्यावर कळलं की हौद डॉक्टरांसाठी नव्हताच, त्यांच्या पत्नीसाठी होता. बाई जिन्यावरून पडल्या होत्या. मांडीचं हाड मोडलं, चार महिने पाय प्लास्टरमध्ये होता. हाड जुळलं, पण पाय वाळून काठी झाला आणि गुडघा वाकेना. जमिनीवर उभं राहायचं तर कळ मस्तकात जाई. पाण्यात मात्र अंगाचा भार हलका होतो, म्हणून रोज अर्धा तास छातीभर पाण्यात चालायचं, असं ठरलं होतं. पावसाळ्याआधी गुडघा मोकळा झाला तर झाला, नाहीतर तो तसाच आखडून बसेल, असं डॉक्टरांनी मला उभ्या उभ्या सांगितलं. समुद्रात लाटा, त्यामुळे तिथे नेणं शक्य नव्हतं. विहिरीला गोडं पाणी होतं, पण त्यावर अर्धी आळी पाणी भरायची. म्हणून हौद खाडीच्या खाऱ्या पाण्याने भरायचा, आणि पाणी शेवाळतं म्हणून दर चौथ्या दिवशी बदलायचं. प्लास्टरखाली सोललेली कातडी अजून ओली होती, घाण पाणी चालणार नव्हतं.

पंप निवडायचं काम माझ्यावर सोपवलं, आणि ते मी चोख केलं. डॉक्टरांना विजेचा पंप हवा होता. मी म्हटलं, संध्याकाळी तुमचे दिवे पिवळे पडतात, ती वीज मोटर काय फिरवणार? त्यांच्या एका स्नेह्याने सहा इंची पंप सुचवला होता. मी म्हटलं, वीस फुटी हौदाला तो पंप म्हणजे तांब्याभर ताकाला रवी लावायला पैलवान. शेवटी मी अडीच इंची पंप घेतला, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर टाकायच्या छोट्या इंजिनासकट. पंपाच्या आतला पंखा गनमेटलचा घेतला, कारण बिडाचा पंखा खारं पाणी सहा महिन्यांत खातं. ही सगळी निवड बरोबर होती. आज पुन्हा घ्यायचा झाला तरी मी तोच घेईन.

जागाही मीच मोजली. माघातल्या अमावास्येला दुपारी बारा वाजता भरती होती. टेपाच्या कडेपासून दोरीला दगड बांधून सोडला, पाणी सोळा-सतरा फूट खाली. पंप वीस-बावीस फुटांपर्यंत पाणी ओढतो, त्यापुढे कितीही दांडगं इंजीन लावा, तो ओढणार नाही. म्हणजे हिशेबात चार-पाच फूट शिल्लक होते. कडेवर चौथरा बांधून पंप बसवला, पाइप खाली सोडला, त्याच्या टोकाला पाणी परत जाऊ नये म्हणून फुटव्हॉल्व्ह लावला. दोन दिवसांतच, उधाण अजून जोरात असताना, इंजीन सुरू करायला दोरीचा हिसका मारला आणि हौदात पाण्याचा जाडजूड धबधबा पडला. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मी तोंड धुऊन, केस विंचरून जेवायला बसलो.

बाईंना पाण्यात उतरवायला नवापूरची एक कोळीण यायची. पूर्वी बंगल्यावर मासळी टाकायची, आता रोज दोन तास बाईंसाठी राखून ठेवलेले. तिला सगळे मावशी म्हणत. हाडापेराने दणकट. बाईंना ती लहान पोरासारखी उचलून पाण्यात न्यायची आणि स्वतः समोर उभी राहून हात धरायची. भरती किती वाजता येणार हेही मी तिलाच विचारायचो. ती बोटांवर तिथी मोजून सांगायची आणि कधी चुकायची नाही.

चौथ्या दिवशी पाणी भरलं, पण धार बारीक होती. पुढच्या खेपेला, अष्टमीच्या संध्याकाळी, पंपाने नुसती फुरफुर केली. हौद कोरडा राहिला.

मी पाइप पाहिला तर फुटव्हॉल्व्ह पाण्याच्या पृष्ठभागावरच होता, हवा ओढत होता. म्हटलं, पाइप सरकला असेल. एक जादा तुकडा जोडून तो खोल सोडला. आता फुटव्हॉल्व्ह पाण्यात बुडाला, पण पंप दम लागलेल्या माणसासारखा धापा टाकायला लागला. मग मी जे मला येत होतं ते सगळं करून पाहिलं. जोडांतली रबरं बदलली, फुटव्हॉल्व्हचं कातडं बदललं, पंपाच्या दांड्याभोवती हवा शिरू नये म्हणून ठासलेली दोरी काढून नवी भरली. चार दिवस रिकामे गेले. बाई व्हरांड्यात पाय लांब करून बसायच्या आणि माझी ठोकाठोक ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, “मिस्त्री, ताप मला आलाय की तुमच्या पंपाला, ते एकदाचं ठरवा. दोघांना एकदम औषध द्यायला डॉक्टर एकच आहेत.”

पाचव्या दिवशी पंपाने पाणी ओढलं. होळीच्या आदल्या दिवशी तर पहिल्यापेक्षा जोरात. मी छाती काढून सांगितलं, “दांड्याच्या दोरीचा दोष होता. नवी भरली, काम झालं.” डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मावशी होळीच्या गडबडीत होती, तिचं पंपाकडे लक्षच नव्हतं. बाई आठ दिवस रोज पाण्यात चालल्या. गुडघा दोन बोटं जास्त वाकायला लागला, असं मावशीने मला हात करून दाखवलं.

आणि वद्य अष्टमीला पंप पुन्हा बंद.

आता मात्र माझं डोकं फिरलं. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी सगळ्यांना दोष दिला. कंपनीला, रॉकेलला, डॉक्टरांच्या गवंड्याला. तीन दिवस गेले. डॉक्टर चौथऱ्याशी आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, “मी मुंबईला चाकाची खुर्ची सांगून ठेवली आहे. पंप कधी चालतो, कधी नाही. अशा व्यायामाने काही होणार नाही. तिला अजून सांगितलेलं नाही.”

मला त्याच क्षणी जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण तोंडातून काय निघालं? “पंपच खराब निघालाय, साहेब. याच्यापेक्षा मोठा घेऊ.”

मागे मावशी उभी होती. “मिस्त्री,” ती म्हणाली, “पंपाला कशाला शिव्या देतंस? आज भांग हाय.”

भांग म्हणजे उधाणाच्या उलट. अमावास्या-पौर्णिमेला भरती उंच चढते, अष्टमीच्या आसपास ती अर्ध्यावरच थकते. हे तिने सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं हेही मी कबूल करेना. तडकून म्हटलं, “मावशी, मासळीचं तुम्ही सांगा, पंपाचं मी सांगतो.”

“बरा,” ती म्हणाली. “मासली माजी, पंप तुजा. मंग पानी कोनाचा?”

तिने एक बांबू आणला, साडी खोचून खाडीत उतरली आणि तो चिखलात रोवला. त्यावर काठाच्या खडकावर उधाणाच्या भरतीने उमटवलेल्या काळ्या रेषेचं माप कोयत्याने कोरलं आणि त्या संध्याकाळी पाणी जिथवर चढलं तिथे दुसरं. दोन खुणांमध्ये पाच फूट अंतर होतं. माझे शिलकीचे चार-पाच फूट तिथे बुडाले होते. सांगलीकडची विहीर उन्हाळ्यात खाली जाते ती महिनाभर सांगून सवरून जाते. आठ दिवसांत पाच फूट उतरणारं आणि पुन्हा चढणारं पाणी मी जन्मात मोजलं नव्हतं. रोज मी तिला भरतीची वेळ विचारली, उंची एकदाही विचारली नाही. आणि होळीला जो पंप चालला तो माझ्या दोरीने नाही, पौर्णिमेने चालला.

मला लाज वाटली. हातातला पाना टाकून मी डॉक्टरांकडे गेलो आणि म्हणालो, “साहेब, पंप चांगला आहे. माप माझं चुकलं. बाईंचे दिवस मी वाया घालवले.” आतून बाईंचा आवाज आला, “मग आता चालवा की!”

पण चालवायचा कसा? पंप खाली बसवला तर भांगाला चालेल, उधाणाला बुडेल. मी कागदावर रेघोट्या मारत बसलो. मावशी म्हणाली, “पानी वर-खाली व्हतंय, तर तुजा पंप पन व्हऊ दे. आमची जुनी होरी पडून हाय काठाला.”

आता सांगतो, ही युक्ती तिची, पण ती तडीस नेली मी. पंपाला ओढायला जड जातं, ढकलायला नाही, हे तर मला पाठ होतं. पंप पाण्याच्या जवळ नेला की पुढे तो तीस फूटही वर ढकलतो. होडीची भोकं बुजवली, डांबर लावलं. तळात फळ्या ठोकल्या, इंजिनाचा हादरा बसू नये म्हणून त्यांखाली काथ्याच्या दोराची जाड वेटोळी घातली. चार खांब रोवून होडी त्यांच्यामध्ये अशी बांधली की ती वर-खाली जाईल, पण वाहून जाणार नाही. ठेकेदाराकडून रबरी नळी मागून आणली आणि होडीतल्या पंपापासून काठावरच्या पाइपाला जोडली. चैत्र शुद्ध अष्टमीला, भांगाच्या भर दिवशी, मी दोरी मारली. हौद दीड तासात काठोकाठ भरला. मावशी हौदाच्या कडेवर बसून हसत होती आणि मीही हसलो. त्या पाण्याचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढे मोठमोठ्या कामांचा वाटला नाही.

त्यानंतर पंप एकदाही अडला नाही. दर चौथ्या दिवशी मी होडीत असायचो आणि वर हौदातून दोन बायकांचं भांडण ऐकू यायचं. मावशी म्हणायची, “आजून दोन येरझारा.” बाई म्हणायच्या, “मेले मी.” मावशी म्हणायची, “मंग मरून दोन येरझारा.” चैत्र संपता संपता बाई तिचा एकच हात धरून चालू लागल्या. वैशाखात काठी घेऊन जमिनीवर उभ्या राहिल्या, पण एका वेळी चार-पाच पावलं, त्याहून जास्त नाही. पावसाला जेमतेम पंधरा दिवस उरले होते. तेवढ्यात पुरेल की नाही, हे डॉक्टरांना सांगता येत नव्हतं आणि मी विचारत नव्हतो.

अशात एका दुपारी बोईसर स्टेशनवर पार्सल आलं. चाकाची खुर्ची. तिची मागणी रद्द करायला डॉक्टर विसरले होते, की त्यांनी मुद्दामच केली नव्हती, देव जाणे. बैलगाडीत घालून मीच ती आणली. व्हरांड्यात तिच्यावरचं गोणपाट सोडलं. बाईंनी खुर्चीकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. ते सात-आठ दिवस मी वाया घालवले नसते तर ही खुर्ची इथे आली नसती, एवढंच माझ्या डोक्यात घोळत होतं.

बाई काठीच्या आधाराने उठल्या. खुर्चीपाशी गेल्या. काठी भिंतीला टेकवली, खुर्चीची मागची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि मावशीला म्हणाल्या, “बस.”

“आगो बाय, माजं पाय धड हायेत!”

“म्हणूनच. तीन महिने माझ्यासाठी पाण्यात उभी राहिलीस. बस म्हणते ना.”

मावशी ओली साडी सावरत, अंग चोरून बसली. बाईंनी खुर्ची ढकलली. पाच पावलं झाली, सहावं पडलं, सातवं पडलं. डॉक्टर पुढे झाले, त्यांना बाईंनी मानेनेच मागे सारलं. व्हरांड्याच्या टोकाला थांबून त्यांनी दात खाऊन खुर्ची वळवली आणि पुन्हा निघाल्या, आता व्हरांड्याच्या बारीक उतारावरून जरा वेगाने. दर्यावर जन्म काढलेली मावशी खुर्चीच्या दोन्ही बाजू घट्ट धरून, डोळे मिटून ओरडत होती, “हलू चाल गो बाय, हलू चाल!”

पडल्यापासून बाईंना हळू चाल म्हणणारं माणूस त्या दिवशी पहिल्यांदा भेटलं.