माळकांगोणीला धानाचं पोतं

सून घरात कशाला येते, तर सासूला शेती शिकवायला. तिरोड्याजवळच्या त्या घरात आले तेव्हा माझी तरी अशीच समजूत होती. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, मी त्याच्याही आधीपासून.

सासूबाईंना भिंत धरल्याशिवाय उठता येत नसे. माळकांगोणीच्या तेलानं गुडघे चोळले की मात्र त्या धानाच्या रोवणीच्या चिखलात उतरत आणि आम्हा सगळ्यांना मागं टाकत. त्या साली जंगलाच्या ठेकेदारानं डोंगरावरचं एक झाड तोडलं, अन् त्यावर चढलेली माळकांगोणीची वेलही गेली. सासूबाईंच्या ओच्यात उरल्या शेवटच्या मूठभर बिया, लाल गरासकट.

"यातून वेल निघली त निघली," त्या म्हणाल्या, "नाही त माझं उठणं-बसणं तुमच्या हातावर."

मी बिया हिसकावल्याच. धानवाल्याची लेक मी, मला कुणी रुजवण शिकवायची? बिया भिजवल्या, ओल्या पोत्यात आवळल्या, वर तणसाचा पेंढा, पेंढ्यावर दगड.

"कायले दाबून राहिली वो?" सासूबाईंनी विचारलं.

"मोड येते, आत्याबाई. पाहाच तुमी."

"ते काय धान होय?"

धान दोन-तीन दिवसांत पांढरी शेपटी काढतं. या बिया ढिम्म. मी कोमट पाणी शिंपडलं, पोतं चुलीशी नेलं, एकदा तर कान लावून ऐकलं. शेवटी असा वास सुटला की बैलानंही तोंड फिरवलं. रडत रडत सगळं शेणखड्ड्याच्या काठावर ओतलं. सासूबाई नुसत्या भिंत धरून उठल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रोवणी संपत आली तेव्हा शेण टाकायला गेले, तर काठावर हिरवी जोडपानं. एक, आणखी एक, पलीकडे झुबकाच. टोपली तिथंच टाकून मी बोंबलत सुटले, घसरले, तशीच शेणानं माखलेली घरात शिरले.

"आत्याबाई, निघाली!"

त्या लंगडत आल्या आणि रोपांपाशी फतकल मारून बसल्या. एक फुटकं टरफल बोटावर घेतलं. "लाल गर मुंग्यायनं खाल्ला, तवा वाट मिळाली त्याले. तू गरासकटच कोंडून ठेवली होती."

"मंग तेल कवा?"

"चढू दे, फुलू दे, फळू दे. तवरिक तूच उठव मले."

आनंदाच्या भरात मी त्यांना असं खेचलं की दोघीही शेणात बसलो.

"माझं मरू दे," सासूबाई ओरडल्या, "पहिले रोपावरचा पाय काढ."