पळसाच्या पानांचा इश्वर

कोंढ्याच्या चंद्रभागाबाईंनी नवऱ्याला नीट उभं असं पाहिलंच नव्हतं. लग्नानंतर इश्वर बावीस दिवस घरी होता, आणि बाई नाकापर्यंत पदर ओढून. तो पलटणीत परत निघाला तेव्हा त्या चुलीपुढं बसल्या होत्या. दारातून त्यानं "येतो" म्हटलं. खालून पाहिलं तर त्याचं डोकं चौकटीला लागल्यासारखं दिसलं. तेवढाच काय तो इश्वर.

ते साल एकाहत्तर. पूर्व पाकिस्तानातले लोक आपल्याच सरकारवर उठले होते, आणि डिसेंबरात आपलं सैन्य त्यांच्या मदतीला गेलं. बांगलादेश झाला. कोंढ्यात तार आली, देह आला नाही.

देह नसला की पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात. अंगणात पानं मांडताना गुरुजींनी विचारलं, "उंची किती होती हो?" सासऱ्यानं सुनेकडं पाहिलं.

"सांग नं वं, तुहाच तं नवरा होता," शेजारची गोदावरीबाई म्हणाली.

चंद्रभागाबाई उठल्या आणि दाराच्या चौकटीला वर हात लावून दाखवला.

फाल्गुनात पलटणीतून पेटी आली. कपडे, कंगवा, एक कागद. मास्तरांनी कागद वाचला, उंची पाच फूट चार इंच. चौकट जवळजवळ सहा फुटांची. आपण वीतभर जास्तीचा माणूस जाळला, हे बाईंच्या मनात बसलं ते बसलंच. मग इश्वर सुटला की नाही? कोणाला विचारलं नाही. रोवणी झाली, कापणी झाली, अशी बावन्न वर्षं गेली. पितृपक्षातली चतुर्दशी ही शस्त्रानं गेलेल्यांची. त्या दिवशी दरवर्षी पान ठेवायच्या. कावळा शिवला तरी वाटायचं, जेवून गेला तो दुसराच कोणी.

दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात दिराची नात तृप्ती निरोप घेऊन आली. माजी सैनिकांचं एक मंडळ एकाहत्तरात गेलेल्यांच्या घरच्यांना बांगलादेशात नेणार होतं. तिथं एका दगडावर त्या लढाईत पडलेल्यांची नावं कोरलेली होती. दौरा सप्टेंबरात. पासपोर्टच्या फोटोसाठी दोघी पवनीला गेल्या.

"आजी, हासायचं नाही हं," फोटोवाला म्हणाला.

"हासून कोण राह्यलं बाप्पा?"

तृप्तीच हसली.

घरी येऊन बाईंनी पाच फूट चार इंचांची सुतळी कापून घेतली.

"हे कायले?"

"त्या दगडापुढं ठेवीन. म्हणीन, मापात मायी चूक झाली." त्रेपन्नाव्या वर्षी ही गोष्ट पहिल्यांदा तोंडाबाहेर पडली.

ऑगस्टात टीव्हीवर तिकडची पोरं रस्त्यावर उतरलेली दिसली. तिथल्या पंतप्रधान बाई देश सोडून भारतात आल्या. लोकांनी दोर लावून तो देश घडवणाऱ्या त्यांच्या वडिलांचा पुतळा पाडला.

"आजी, दौरा रद्द झाला," तृप्ती म्हणाली. "तिकडं भारताचं नाव काढलं तरी लोकं चिडून राहिले."

"काहून? आपण तं मदतीले गेलतो."

"तेव्हा गेलतो. आता त्यायले वाटते, आपण त्या बाईले पाठीशी घातलं."

"अन् तो दगड?"

"आहे का फोडला, कोणाले माहीत."

"बरं," म्हणून बाई पुन्हा तांदळातले खडे वेचू लागल्या.

चतुर्दशीच्या आदल्या दिवशी त्यांनी आताच्या गुरुजींना विचारलं, "पानांचा माणूस दुसऱ्यांदा करता येते का?"

"एकदा अग्नी दिला की झालं, बाई. देव काही मापं घेत बसत नाही."

बाईंनी मान हलवली. सकाळी शेताच्या धुऱ्यावरून पळसाची पानं तोडून आणली. अंगणात सुतळी सरळ ताणली आणि तिच्या कडेनं एकेक पान लावत गेल्या. डोक्यापासून पायापर्यंत.

"आजी, काय करून राहिल्या?" तृप्ती आतून आली.

"पाहून राह्यली, किती होता."

किती होता ते दिसलं. फार मोठा नव्हता. बाई उभ्या राहिल्या. आता रडू येईल असं वाटलं, म्हणून थोडं थांबल्या. आलं नाही. मग खाली बसून तीच पानं गोळा केली आणि काड्या टोचून पत्रावळी लावल्या. सुतळीनं गठ्ठा बांधून तृप्तीच्या हाती दिला.

"पहिली त्याची वाढ," त्या म्हणाल्या. "अन् कढीकडं पाह्य, उतू जाईल."