कारभारी मास्तरांचे पुढचे दोन दात

नाशिकरोडला सिन्नर फाट्याच्या अलीकडे राहणारे कारभारी केदारे महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती पिळायचा हे त्यांच्या हातात होतं. पण निवृत्त होईपर्यंत आणि त्यानंतरही त्यांना पाणीवाले म्हणून कुणी हाक मारली नाही. ते 'मास्तर' होते, कारण ते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवत. बाकीचे वाजवणारे कितीही जोरात फुंकोत, चाल उचलायची ती मास्तरांनी. त्यांनी सूर धरला की वरातीतल्या म्हाताऱ्याही पदर खोचून पुढे येत.

साठी ओलांडल्यावर एका हिवाळ्यात त्यांना गिळताना घशात काटा अडकल्यासारखं वाटू लागलं. हळद-दूध झालं, काढा झाला, शेवटी दवाखाना झाला. जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. कॅन्सर. उमेदीच्या वर्षांत व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी बसून मळलेली तंबाखू अशी उगवली.

"वेळेवर आलात," कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन लागणार नाही. लाईट देऊ, सोबत इंजेक्शनं. बरे व्हाल. पण आधी दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवा. त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी लाईट सुरू करणार नाही."

लाईट म्हणजे रेडिएशन. तिथले सगळे पेशंट त्याला लाईटच म्हणत. दातांचा आणि त्याचा काय संबंध, ते मास्तरांना कळेना. त्यांची बायको सुलाबाई मात्र एवढंच म्हणाली, "डॉक्टर म्हनले ना, मग दाखवायचं. तुमी नका आता त्यात डोकं घालू."

दातांच्या डॉक्टर हर्षाली बोरस्ते तरुण होत्या, निफाडच्या शेतकऱ्याची मुलगी. त्यांनी सगळ्या जबड्याचा फोटो काढला आणि तो पडद्यावर दाखवून सावकाश समजावलं.

"काका, लाईट लागली की जबड्याच्या हाडाचं रक्त कमी होतं. मग पुढे कधी तिथला दात काढायची वेळ आली, तर जखम भरत नाही. हाड उघडं पडतं, सडतं. शिवाय तोंडातली लाळ आटते, आणि लाळ गेली की चांगले दातसुद्धा पटापट किडतात. म्हणून जे दात पुढेमागे त्रास देणार आहेत ते आत्ताच काढायचे. जखम भरू द्यायची, मग लाईट. खालच्या दाढा तुमच्या तशाही गेलेल्याच आहेत."

"आन् पुढचे?" मास्तरांनी विचारलं.

"पुढच्यांना लाईट फारशी लागणार नाही. घट्ट असतील तर ठेवू. दाढा काढून झाल्या की सफाई करताना नीट बघते."

मास्तरांनी वरचा ओठ हळूच खाली ओढून घेतला.

क्लॅरोनेट धरण्याची एक रीत असते. खालचा ओठ दातांवर दुमडून त्यावर वाद्याची वेताची पत्ती टेकवायची आणि वरचे पुढचे दोन दात वाद्याच्या तोंडावर रोवायचे. ते दोन दात म्हणजे खुंटी. खुंटीच गेली तर वाद्य तोंडात डगमगतं, पत्ती कुई कुई करते. मास्तरांच्या त्या दोनातला एक दात वर्षभरापासून हलत होता.

खरं तर तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण डॉक्टरबाईंनी व्यवसाय विचारला, तेव्हा ते "म्युन्शिपाल्टीतून रिटायर" एवढंच बोलले होते. माणूस मरणाच्या दारात उभा आणि याला बाजाची पडलीय, असं कुणी म्हणू नये म्हणून त्यांनी वाद्याचं नावच काढलं नव्हतं.

दाढा निघाल्या. हिरड्यांवर टाके पडले. सफाईचा दिवस जवळ येऊ लागला तसतसे मास्तर जिभेने तो दात पुन:पुन्हा चाचपू लागले. हलतोय. डॉक्टरबाईंच्या हाताला लागला की गेलाच.

एका दुपारी सुलाबाई दळण घेऊन गिरणीत गेली होती. मास्तरांनी आरसा खिडकीत टेकवला. सुलाबाईचं माहेर येवल्याचं. भावाच्या घरी पैठणीचा माग, त्यामुळे रेशमाची एखादी लडी तिच्या शिवणाच्या डब्यात कायम असे. क्लॅरोनेटचा सांधा सैल झाला की मास्तर तोच धागा मेण लावून त्यावर गुंडाळत, आणि सांधा वर्षानुवर्षं हलत नसे. जे लाकडाला चालतं ते दाताला का चालू नये? त्यांनी धागा मेणावरून ओढला, हलता दात शेजारच्या घट्ट दाताला वेढे देऊन बांधला, गाठ आतल्या बाजूला सारली आणि ओठ वर करून पाहिलं. दात जागचा हलत नव्हता. त्या संध्याकाळी ते चहा पिताना स्वतःशीच हसत होते, आणि सुलाबाईला वाटलं, नवऱ्याने बरं व्हायचं मनावर घेतलं.

दोनच दिवसांत वरचा ओठ सुजला. मग नाकापर्यंत गाल तट्ट झाला, अंगात कणकण आली.

डॉक्टर हर्षालींनी ओठ उचलला आणि त्या थबकल्या. "काका, हे काय बांधलंय दाताला?"

मास्तरांनी नजर छताकडे वळवली.

"अहो, धागा सरकत सरकत हिरडीत गेलाय! आत पू झालाय. कशाचा धागा हा?"

"रेशमाचा," मास्तर पुटपुटले. "येवल्याचा. पक्का असतो."

सुलाबाई स्टुलावरून ताडकन उठली. "म्हंजी माझ्या डब्यातला? पैठणीचं रेशीम तोंडात घातलं तुमी? आता काठपदर बी काढायचा का तिथं?"

डॉक्टरबाईंना हसू आवरेना आणि रागही आवरेना. "पण का केलंत असं?"

तेव्हा कुठे क्लॅरोनेटचं नाव निघालं. मास्तरांनी बोटांनी हवेतच वाद्य धरून दाखवलं, दात कुठे टेकतो तेही दाखवलं. डॉक्टरबाई ऐकत राहिल्या. मग सुस्कारा टाकून म्हणाल्या, "काका, पहिल्या दिवशी सांगितलं असतं ना, तर हाच दात मी मागच्या बाजूने बारीक तारेने शेजारच्यांना बांधून दिला असता. आम्ही बांधतोच की. आता मूळच उघडं पडलंय, आणि धाग्याने शेजारचाही खराब केला. दोन्ही काढावे लागतील. आणि हा पू जाऊन जखम भरेपर्यंत लाईट सुरू होणार नाही."

त्यांनी तिथूनच कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन लावला. लाईट आठवडाभर पुढे गेली. फोनवरचं बोलणं ऐकताना सुलाबाईने पदराचं टोक तोंडात धरलं होतं. रिक्षा पुलाशी आली तेव्हा ती एकदाच बोलली.

"त्या पिपाणीपायी मरायला निघाला होता तुमी. मी कोनाच्या तोंडाकडं बघायचं मग?"

त्या दिवसानंतर, डॉक्टरबाई सांगतील ते, सांगतील तसं, असं मास्तरांनी ठरवून टाकलं. दोन दात निघाले तेव्हा त्यांनी हूं की चूं केलं नाही.

लाईटचे आठवडे सोपे नव्हते. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवून टेबलावर निजवत. सुरुवातीला काही जाणवलं नाही, नंतर तोंड आतून सोलून निघालं. चव गेली, लाळ चिकट झाली, मग आटलीच. मास्तर मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने दिवसभर चुळा भरत. दात घासायला लहान मुलांचा मऊ ब्रश. डॉक्टरबाईंनी उरलेल्या दातांच्या मापाचे प्लॅस्टिकचे साचे करून दिले होते. त्यांत फ्लोराईडचं जेल भरून ते रोज दातांवर चढवून बसायचं. जबडा आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या काड्या एकीवर एक ठेवून दातांत धरायच्या, दर थोड्या दिवसांनी एक काडी वाढवायची. सुलाबाई नागलीची पातळ पेज गार करून पुढ्यात ठेवी आणि वाटी रिकामी होईपर्यंत हलत नसे.

बँडमधला ताशेवाला बुधा रोज संध्याकाळी येई. दोघं पोरसवदा असल्यापासूनचे दोस्त.

"काय मास्तर, आज किती काड्या?"

मास्तर बोटं दाखवत.

"लय झाल्या. अजून चार घातल्या की तोंडात माझा ताशा बसंल."

सुलाबाई हसून आत जाई. मास्तरांना हसायला त्रास होई, म्हणून ते बुधाला चापट मारत.

लाईट संपली. एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीत मास्तर बँडबरोबर चालले, पण हातात झांजा घेऊन. क्लॅरोनेटवर मालेगावहून बोलावलेला वाजवणारा होता. बरा वाजवत होता. मास्तरांना तो जरा जास्तच बरा वाटला. घरी आल्यावर त्यांनी पेटी उघडली, वाद्य जोडलं आणि फुंकलं. पुढच्या फटीतून नुसतीच हवा सुसाटली. त्यांनी वाद्य पुसून परत ठेवलं.

उन्हाळ्याच्या शेवटी तपासणी झाली. गाठ दिसत नव्हती. सुलाबाईने त्या दिवशी विहारात मेणबत्त्या लावल्या आणि गल्लीत पेढे वाटले. मास्तरही हसले, पण पेढ्याचा तुकडा त्यांना पाण्याच्या घोटाबरोबरच गिळावा लागला.

तोंडाची कातडी पुरती सावरेपर्यंत डॉक्टर हर्षालींनी कवळीला हात लावला नव्हता. पावसाळा सरता सरता त्यांनी पुढच्या दोन दातांची छोटी काढघाल करता येणारी कवळी बसवली. आरशात चेहरा पूर्वीसारखा दिसला. पण क्लॅरोनेट टेकवलं की सुराच्या थरथरीने कवळी खडखडायची आणि निसटायची.

"वाद्य इथेच घेऊन या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मला बघू द्या कुठे हलते ते."

मग दवाखान्यातल्या खुर्चीत बसून मास्तरांनी क्लॅरोनेट फुंकलं. असा आवाज निघाला की बाहेर बसलेले पेशंट दारात आले. एका बाईने तर विचारलं, "नवीन मशीन आणलं का?" डॉक्टरबाईंनी कवळी घासली, पुन्हा बसवली, पुन्हा वाजवायला लावलं. अखेर त्यांनी हात टेकले.

"काका, जेवायला-बोलायला ही उत्तम आहे. पण या वाद्याचा भार ती झेलणार नाही. जोर केलात तर खालची कातडी सोलेल, आणि तुमच्या तोंडात आता जखम परवडणार नाही. वाजवताना ही काढूनच ठेवायची."

मास्तरांनी मान डोलावली आणि वाद्याचे सांधे सोडवायला घेतले. त्यांचं ते सावकाश सोडवणं सुलाबाई बघत होती. तिला ती पिपाणी कधीच आवडली नव्हती. लग्नसराईत नवरा घरात नसायचा, ते हिच्यामुळेच. तरी तिच्या तोंडून निघून गेलं.

"दात नसले म्हून काय झालं? आपल्या लग्नात सनईवाले बाबा होते, त्यांच्या तोंडात एक दात नव्हता. दोनी ओठ आत घेऊन वाजवायचे. आख्खं येवलं ऐकत होतं."

मास्तरांचे हात थांबले. "ती सनई, सुला. तिचं तोंड बारीक असतं."

"मग तुमचं तोंड मोठं हाये की!"

डॉक्टरबाई खळखळून हसल्या. "करून तर बघा काका. ओठ दमले की थांबायचं, एवढंच."

मास्तरांनी कवळी काढली. वरचा ओठ हिरडीवर दुमडून घेतला, खालचा दातांवर, आणि मधे वाद्य धरलं. पहिला सूर फाटला, दुसराही. तिसरा बसका निघाला, घोगरा, पण सूर होता. दारातल्या बाईने मशीनबद्दल पुन्हा विचारलं नाही.

तेव्हापासून रोज जेवणाआधी बसणं सुरू झालं. नव्या ओठाला जोर नव्हता, तो लगेच थरथरायचा. मास्तर थांबत, ओठांना तूप चोळत, पुन्हा धरत. वरचे चढे सूर आता येणार नव्हते, ते त्यांनी सोडून दिले. खालच्या सुरांत एक जाडसर गोडवा आला होता. पण तोंड इतकं कोरडं पडे की पत्तीच वाळून जाई. अर्धी चाल झाली की पाण्याचा घोट घ्यावाच लागे.

"वरातीत मधेच थांबून पाणी पिणार काय?" मास्तर बुधाला म्हणाले. "लोक म्हनतील, मास्तर संपला."

"लोकांचं मी बघतो," बुधा म्हणाला. "तू नुसता उचल."

हिवाळ्यात देवळाली गावात एका लग्नाची सुपारी आली. मास्तरांनी ठरवलं होतं, एकच चाल वाजवायची, तीही संथ, नवरी मंडपाकडे निघेल तेव्हाची. कवळी त्यांनी सुलाबाईच्या हातातल्या डबीत ठेवली. ती नवी कोरी साडी नेसून बँडच्या अगदी मागे, बायकांच्या आधी उभी होती. इतक्या वर्षांत नवऱ्याच्या वाजवण्याला ती पहिल्यांदाच आली होती.

मास्तरांनी ओठ आत घेतले आणि चाल उचलली. आवाज पहिल्यासारखा धारदार नव्हता, पण गर्दी हळूहळू गप्प झाली. नवरीच्या आजीने डोळे पुसले. अर्ध्यावर येता येता मास्तरांना ओळखीची खरखर जाणवली. जीभ टाळूला चिकटली. त्यांनी बुधाकडे पाहिलं आणि वाद्य खाली घेतलं.

त्याच क्षणी बुधाने ताशावर काड्या टाकल्या. हलक्या, मग भरत जाणाऱ्या, मग एकदम दबलेल्या. पोरं ओरडली, शिट्ट्या पडल्या. मास्तरांनी खिशातली बाटली काढली, सावकाश दोन घोट घेतले, ओठ भिजवले, पत्ती जिभेने ओली केली.

"भारी बसवलंय," मागून कुणी तरी म्हणालं. "थांबून थांबून वाजवायचं! आमच्या हळदीला बी असंच पाहिजे."

"हे मिळतं एकाच ठिकानी," सुलाबाई मागे न वळता म्हणाली.

बुधाने शेवटची काडी मारून ताशा मोकळा सोडला आणि मास्तरांकडे पाहून भुवई उडवली. मास्तरांनी दोन्ही ओठ आत घेतले आणि चाल सोडली होती तिथून पुढे उचलली.