संत पंकनाथ आणि टेंभरे गुरुजी

टेंभरे गुरुजींसमोर ‘लोक म्हणतात’ हे दोन शब्द उच्चारायची सोय नव्हती. गोंदियात स्टेशनाबाहेरच्या टपरीवर कोणी सहज म्हणालं, "लोक म्हणतात, यंदा पाणी कमी हाये," की गुरुजींची मान बशीतून वर येई. "कोणते लोक? कितीजण होते? कुठं बसले होते?" तो माणूस दुसऱ्या दिवसापासून चहाची टपरी बदले.

एकदा केस कापणाऱ्याच्या दुकानात गुरुजींची अर्धी दाढी झाली होती. न्हावी म्हणाला, "सब बोल रहे हैं मास्टरजी, चावल महंगा होगा." गुरुजी फेसासकट वळले. "सबमें से एक का नाम बताओ." न्हावी शांतपणे म्हणाला, "मास्टरजी, उस्तरा गले पे है. पहले सीधे बैठो, फिर नाम पूछो."

स्वातंत्र्यानंतरची पाच-सहा वर्षं झाली होती. आमचं गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रदेशात. मी नुकताच शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून लागलो होतो. गुरुजी तिथंच मराठी शिकवत. वय चव्वेचाळीस, धोतर गुडघ्याच्या जरा खाली, खिशात तीन पेन्सिली. शनिवारी शाळा सुटली की हा गडी सायकलवर टांग टाकून तिरोड्याकडच्या खेड्यांत निघे. चोरखमाऱ्याच्या तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं आहेत, तिथं चिखलात वाकून रोवणा करणाऱ्या, पऱ्हं म्हणजे धानाची रोपं उपटून दुसरीकडे लावणाऱ्या बाया गाणी म्हणत. गुरुजी बांधीच्या कडेला धुऱ्यावर छत्री धरून उभे राहत आणि उतरवून घेत. स्वतः पोवार शेतकऱ्याचे चिरंजीव, त्यामुळे बाया त्यांना बिचकत नसत. उलट म्हणत, "गुरुजी, लिवून काय राहिले? उतरा चिखलात, एक ओळ तुमी लावा!"

या गाण्यांवर त्यांनी एम.ए.चा प्रबंध लिहिला. शौक म्हणून नव्हे. गावात कॉलेज निघालं होतं, मराठीची एक जागा रिकामी होती, आणि चालकांनी गुरुजींना शब्द दिला होता की जूनपर्यंत एम.ए. होऊन या, खुर्ची तुमची. वीस वर्षं पोरांचं शुद्धलेखन तपासलेल्या माणसाला त्या खुर्चीची किती ओढ असेल, हे मला दिसत होतं. रिकाम्या तासाला ते त्या कॉलेजच्या फाटकापर्यंत फिरायला जात आणि आत न जाता परत येत.

अडचण एकच होती. नागपूरच्या मार्गदर्शकांचं पत्र आलं: साधनांच्या यादीत प्रत्येक गीतापुढे कर्त्याचं नाव हवं, नाव नसलेलं साधन ग्राह्य धरणं कठीण. मी म्हटलं, "गुरुजी, ‘अज्ञात’ लिहून टाकू."

गुरुजी असे तडकले की जणू मी शिवी दिली. "अज्ञात? कोणाले अज्ञात? तिच्या शेजारणीले ते बाई चांगली ज्ञात असन! तुले माहीत नाही, तर तसं लिही ना. ‘विचारलं, समजलं नाही.’ स्वतःचं अज्ञान बाईच्या कपाळी कायले चिकटवतं?"

आणि खरोखरच त्यांनी प्रत्येक गीतापुढे तेवढंच लिहिलं: ‘विचारलं, समजलं नाही.’ पानंच्या पानं! मग त्यांना हिवताप आला. अक्षर माझं चांगलं म्हणून पक्की प्रत काढायचं काम माझ्याकडे आलं. सात दिवस मी तेच वाक्य गिरवत बसलो, आणि माझ्या डोळ्यांपुढे ती खुर्ची दूर दूर जाऊ लागली. हे असलं लिहिलेलं कोण पास करणार?

वाचकहो, आता मी माझा गुन्हा सांगतो. मी एका संताला जन्म दिला. चिखलातली गाणी, म्हणून नाव ठेवलं पंकनाथ. मुक्काम चिचगड, कारण तिथल्या जंगलात चौकशीला कोणी जाणार नाही. गाव दिलं, गुरू दिला, जंगलात समाधीही बांधून दिली, आणि अकरा गाणी त्याच्या नावावर करून मी बाड पोस्टात टाकलं. गुरुजींना म्हटलं, "जसंच्या तसं उतरवलं."

तोंडी परीक्षेला आम्ही दोघं नागपूरला गेलो. गुरुजींच्या अंगात अजून ताकद नव्हती, म्हणून मला दाराजवळ स्टूल मिळालं. परीक्षक भारदस्त. त्यांनी चष्मा काढला आणि जवळजवळ गहिवरून म्हणाले, "टेंभरे, तुमचा पंकनाथ म्हणजे मोठाच शोध आहे. नाथपंथाची ही शाखा पूर्वेकडे इतकी पोचली होती, याची आम्हाला कल्पना नव्हती. ‘पऱ्हं उपटलं तिकडं, रोवलं इकडं, मायनं उपटलं मले, रोवलं सासूकडं.’ जिवाचं शिवाकडे जाणं किती साध्या रूपकात! याच्यावर एक प्रकरण वाढवून द्या. बाकी काही विचारायचं नाही."

मी स्टुलावर खुशीत होतो. गुरुजींनी बाड ओढून घेतलं. माझ्या अक्षरातलं ते नाव वाचलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"साहेब," ते म्हणाले, "हा मनुष्य झालाच नाही. अन् ती सासू म्हणजे सासूच हाये."

"म्हणजे?"

"प्रत माझ्या नजरेखालून न जाता आली. चूक माझी. हे नाव खोटं आहे. खोडून घ्या."

परीक्षकांचा चेहरा उतरला. हातातला संत असा डोळ्यांदेखत नाहीसा झाल्यावर कोणाचा उतरणार नाही? "मग खरा कर्ता कोण?"

"विचारलं, समजलं नाही."

प्रबंध परत आला. जून गेला, खुर्चीवर नागपूरचा कोणी बसला.

नागपूरहून येताना गाडीत गुरुजी खिडकीकडे तोंड करून बसले होते. रोवणा लागल्यावर पहिल्याच शनिवारी मात्र दारात सायकल. "मनोहर, बस मागं." तलावाखालच्या बांधीत गुरुजींना गाणी सांगणारी भागरताबाई आणि तिच्या सोबतिणी रोवणा करत होत्या. गुरुजी धुऱ्यावरून म्हणाले, "बाई हो, हे मास्तर सांगते का तुमचं गाणं एका बुवानं रचलं."

भागरताबाई कंबर सरळ करून उभी राहिली. "कोन बुवा? रोवण्याले आला होता का?"

"वाकला होता का येक दिवस तरी?" दुसरी म्हणाली.

"त्याले कोन्या सासूनं छळलं व?" तिसरीनं विचारलं, आणि सगळी बांधी हसली.

भागरताबाई हसली नाही. "मास्तर, हे गाणं माह्या सासूनं मले देलं. तिले तिच्या सासूनं. चिखलात आमी सडलो, अन् नाव मर्दाचं काऊन?"



गुरुजींनी यादी नव्यानं बांधली. आधी गाण्याची पहिली ओळ, मग गाणारीचं नाव, तिला कोणी दिलं, गाव, बांधी, दिवस. आणि शेवटी तेच वाक्य, अढळ. त्या परीक्षकांनी, त्यांचं भलं होवो, पुढल्या वर्षी ही यादी जशीच्या तशी मान्य केली. गुरुजी एम.ए. झाले. पण खुर्ची भरलेली होती.

पाचेक वर्षांनी ती पुन्हा रिकामी झाली. तोवर गुरुजींचं वय मर्यादेबाहेर गेलं होतं आणि मी रात्रंदिवस घोकून मराठीत एम.ए. झालो होतो. अर्ज घेऊन त्यांच्या घराच्या ओसरीवजा छपरीत गेलो. "गुरुजी, ही जागा तुमची होती."

"माही कशी? मी बसलोच कवा तिच्यावर?" त्यांनी अर्ज घेतला. संशोधनाच्या रकान्यात मी लिहिलं होतं: ‘रोवणीगीतांच्या प्रबंधास साहाय्य.’

"कोणतं साहाय्य रे?"

मी खिशातलं पेन काढलं.

"पुरं लिही."

मी अर्ज परत घेतला आणि लिहिलं: ‘एका प्रबंधात मी खोटा कवी घातला. त्यामुळे माझ्या गुरुजींची नोकरी गेली.’

गुरुजींनी ते वाचलं. खिशातली पेन्सिल काढून पहिलं वाक्य तसंच ठेवलं, दुसऱ्यावर सावकाश रेघ मारली.

"काऊन खोडलं, गुरुजी?"

"नोकरी तुह्यानं नाही गेली," ते म्हणाले. "मी खरं सांगितलं म्हणून गेली. ते मी केलं. ते तू आपल्या नावावर नोको घेऊ."