तांडेलांचा लाकडी पाय

काय सांगू, माझ्या सुतारकीची अब्रू एका पायाने घालवली. तेव्हा गोव्यात अजून पोर्तुगीज होते आणि मालवणात मला नुकती कामं मिळू लागली होती.

आमच्या वाडीतल्या बाबल तांडेलांचा उजवा पाय पडावाच्या दोरात सापडून गुडघ्याखाली गेला होता. दर्यावर वाढलेला माणूस, दिवसभर ओटीवर बसून दुसऱ्यांची शिडं बघायचा. मला ते बघवेना. म्हटलं, काकांनू, मी पाय करून देतो.

त्यांचा धड पाय फळीवर ठेवून पेन्सिल फिरवली. फणसाच्या लाकडातून नडगीसकट हुबेहूब पाऊल कोरलं. नखंसुद्धा! चामड्याचे पट्टे लावून नेऊन दिलं. काकांनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरो आसा." आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

चालून बघा म्हटलं, तर आज गुडघा दुखतो. परवा गेलो, तर सोमवारचा उपास. मग पाहुणे आले. मी समजलो, म्हातारा घाबरला. बाजारभर सांगत सुटलो की पाय तयार आहे, फक्त धीर हवा. शेवटी दोन शेजारी घेऊनच गेलो आणि सगळ्यांदेखत त्यांना पट्टे बांधायला लावले.

काका दाराला धरून उभे राहिले. आतून आलेल्या काकींनी खाली पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या.

"अरे, दोनय पाय डावेच केलंस मरे!"

धड पाय डावा. मी त्याचीच नक्कल केली होती. नव्या पायाचा अंगठा बाहेरच्या बाजूला, करंगळी आत. शेजारी हसले नाहीत, हे जास्त लागलं.

काका मात्र मलाच समजावू लागले. "माका पयल्याच दिवशी दिसला रे. पण तू इतको खुशीत होतंस, सांगूक जीव झालो नाय."

मी खाली मान घालून पाय परत आणला आणि दुसरा केला. या खेपेला त्यांनी लगेच बांधला, काठी घेतली आणि थेट किनाऱ्यावर गेले. पाणी पावलांवर आलं तसे थांबले. माझे डोळे भरून आले.

जाळं ओढणाऱ्याने विचारलं, "तांडेलांनू, पाय कोणी केल्यान?"

"ह्येना," काका माझ्याकडे बोट करत म्हणाले. मी छाती पुढे काढली.

"पण दुसऱ्या खेपेक."